कॅन्सर छातीत, फुगवटा पोटात : या चुका टाळा

फुप्फुसाच्या कॅन्सरचा पेशंट आला की सगळ्यांचे डोळे छातीवर खिळतात. गाठ केवढी, कुठल्या लोबमध्ये (फुप्फुसाच्या कप्प्यात), नोड्स (लसीका ग्रंथी) वाढल्या आहेत का, यकृतात काही, किडनीवरच्या ॲड्रिनल ग्रंथीत काही, मेंदूत काही. मणक्यासमोर मधोमध पडलेली पोटातली ॲऑर्टा, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य धमनी, मात्र कुणाच्याच खात्यात येत नाही. वास्तविक साठीच्या पुढचा पुरुष आणि तीस-चाळीस वर्षांचं धूम्रपान, हे वर्णन फुप्फुसाच्या कॅन्सरचं आहे तसंच ॲऑर्टाच्या फुगवट्याचं, म्हणजे ॲन्युरिझमचंही आहे. मी रेडिओलॉजिस्ट आहे. त्याच त्याच चुका बघून कंटाळलो, म्हणून हे लिहितोय.

छातीचा सीटी बघून ‘ॲऑर्टा नॉर्मल’ लिहिणं

छातीचा सीटी साधारण ॲड्रिनलपर्यंत उतरतो आणि थांबतो. पोटातले बहुतेक ॲन्युरिझम किडनीच्या धमन्यांच्या खाली असतात. म्हणजे जिथे फुगवटा असायचा, तो भाग तुम्ही पाहिलेलाच नाही. तरी रिपोर्टात ‘ॲऑर्टा नॉर्मल’ येतंच, कारण ते टेम्प्लेटमध्ये, म्हणजे रिपोर्टच्या तयार साच्यात, आधीच टाइप केलेलं असतं. या टेम्प्लेटांवर माझा जुना राग आहे. दिवसाला साठ रिपोर्ट उरकायचे तर टेम्प्लेट लागतं हे मलाही कळतं, पण न पाहिलेल्या अवयवाला नॉर्मल म्हणणं ही घाई नव्हे, थाप आहे. माझ्या टेम्प्लेटमध्ये ॲऑर्टाची ओळ मी रिकामी ठेवली आहे. आकडा भरल्याशिवाय रिपोर्ट पुढे जात नाही. छातीचाच सीटी असेल तर लिहितो : ‘किडनीखालची ॲऑर्टा या तपासणीत आलेली नाही, सोनोग्राफी करावी.’

पेट-सीटीचं, म्हणजे कॅन्सरच्या पेशी चमकवून दाखवणाऱ्या स्कॅनचं, उलटं असतं. तो मांडीपर्यंत जातो, ॲऑर्टा पूर्ण दिसते, पण बघणारा फक्त चमकणारे ठिपके शोधत असतो. ॲन्युरिझम बहुधा चमकत नाही.

पाठदुखी म्हणजे हाडात गेलं, असं धरून चालणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. एक ट्रक ड्रायव्हर, वय एकोणसत्तर, डाव्या वरच्या लोबमध्ये ॲडिनोकार्सिनोमा (फुप्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार), केमोच्या दोन सायकल झालेल्या. कंबर दुखायला लागली, कळ डाव्या जांघेत उतरायची. बाह्यरुग्ण विभागात कुणीतरी चिठ्ठीवर लिहिलं : ‘हाडात पसरला असावा, मणक्याचा एमआरआय सोमवारी’, आणि ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक दिलं. दुसऱ्या कुणी मुतखड्याची शंका काढली. एकोणसत्तराव्या वर्षी आयुष्यातला पहिला मुतखडा!

शनिवारी रात्री ते चक्कर येऊन पडले. रेसिडेंटचा फोन आला. “सर, मुतखडा नाही, डावी किडनी ठीक आहे. ॲऑर्टा गॅसमुळे दिसत नाही. बीपी नव्वद.” सलाइनच्या दोन बाटल्या धडाधड सोडून झाल्या होत्या. ॲऑर्टा फुटली असण्याची शंका असेल आणि पेशंट शुद्धीवर असेल, तर वरचं बीपी ७० ते ९० चालतं. ते ओढून वर नेलं तर धरून बसलेली गुठळी सुटते. पण शंकाच कुणाला आली नव्हती. सीटी केला. ६.१ सेंटीमीटरचा ॲन्युरिझम, मणक्याशेजारच्या डाव्या सोआस स्नायूभोवती रक्तच रक्त. आमच्या गावात स्टेंट-ग्राफ्टची, म्हणजे ॲऑर्टाच्या आत आधाराची नळी बसवायची, सोय नव्हती. ते मोठ्या शहरापर्यंत पोचले नाहीत.

मुलगा कागद घ्यायला आला तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशवीतली सगळी फाइल टेबलावर पडली. त्यात सहा वर्षांपूर्वीची प्रोस्टेटची सोनोग्राफी होती. प्रोस्टेट वाढल्याचं सगळ्यांनी वाचलं होतं. त्याखाली एक ओळ होती : ॲऑर्टा ३.८ सेंटीमीटर. दोन महिन्यांपूर्वीच्या पेट-सीटीची सीडीही होती. ती लावली. फुगवटा ढळढळीत दिसत होता, रिपोर्टात अक्षर नाही.

तेव्हापासून पिशवी मी स्वतः उपसतो. जुने प्रोस्टेटचे, मुतखड्याचे, पित्ताशयाचे रिपोर्ट आधी. कॅन्सरचे कागद वरच असतात, ते कुणीही वाचतं. आणि धूम्रपान करणाऱ्या साठीच्या माणसाची नवी पाठदुखी असेल तर एमआरआयची तारीख घेण्याआधी पोटावर प्रोब ठेवतो. दोन मिनिटं लागतात. गॅसने दिसलं नाही तर ‘दिसलं नाही’ असं लिहून सीटी करायला सांगतो. ‘दिसलं नाही’चं ‘नाही’ होऊ देत नाही.

माप घेण्यातले घोळ

कॉन्ट्रास्टने (शिरेतून दिलेल्या औषधाने) उजळलेली पोकळी तेवढी मोजायची आणि भोवतालची राखाडी गुठळी सोडून द्यायची, हे नवशिक्यांचं लाडकं काम. पाच सेंटीमीटरचा ॲन्युरिझम त्यामुळे अडीचचा होतो. भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजा. दुसरं, म्हाताऱ्या माणसाची ॲऑर्टा वाकडीतिकडी असते. काकडी तिरकी चिरली की चकती लांबट होते, तसंच इथे. नळीला काटकोनात छेद घेऊन मग मोजा.

मागचं माप सोनोग्राफीचं, आताचं सीटीचं, आधीच्याने आतल्या कडा धरल्या, तुम्ही बाहेरच्या, की नुसत्या पद्धतीमुळे तीन-चार मिलिमीटरचा फरक पडतो. मग ‘झपाट्याने वाढतोय’ म्हणून केमो थांबते, घरचे रडतात. जुन्या फिल्मवर स्वतः पुन्हा मोजल्याशिवाय मी ‘वाढ’ हा शब्द लिहीत नाही.

सगळ्यांना एकच नियम लावणं

पुरुषांत ५.५ आणि बायकांत साधारण ५ सेंटीमीटरला दुरुस्तीचा विचार सुरू होतो. ४ ते ५.५ मधल्यांवर लवकर शस्त्रक्रिया करून आयुष्य वाढत नाही, हे १९९८ मध्ये ब्रिटनच्या आणि २००२ मध्ये अमेरिकेच्या चाचणीने दाखवून झालं आहे. तरी ४.२ चा आकडा ऐकून लोबेक्टमी (कॅन्सरचा लोब काढायचं ऑपरेशन) पुढे ढकलणारे भेटतात. तिकडे कॅन्सर थांबत नसतो.

उलट, काढता येण्याजोगी गाठ आणि सहा सेंटीमीटरचा फुगवटा असेल, तर बहुधा आधी मांडीतून स्टेंट-ग्राफ्ट आणि काही आठवड्यांनी फुप्फुसाचं ऑपरेशन, असा क्रम लावतात. पोट उघडून केलं तर सावरण्यातच कॅन्सरचा वेळ जातो. थोडेच महिने हातात असतील तर फुगवट्याला हात न लावणंही योग्य असू शकतं, पण ते पेशंटशी बोलून ठरवायचं, परस्पर नाही. ‘स्टेज चार ना, मग सोडा’ हे वाक्यही आता जुनं झालं. ईजीएफआर किंवा एएलके या जनुकांतल्या बदलांवर नेम धरणाऱ्या गोळ्यांवर असलेले काही जण वर्षानुवर्षं चालते-फिरते असतात, आणि त्या वर्षांत ॲऑर्टाही फुगत राहते.

बाकीच्या, थोडक्यात

छातीत कफ झाला की लगेच लेव्होफ्लॉक्सॅसिन, फ्लुरोक्विनोलोन गटातलं ॲंटिबायोटिक. ॲन्युरिझम माहीत असेल तर दुसरा पर्याय बघा. या गटाच्या औषधांनी ॲऑर्टा फाटण्या-फुटण्याचा धोका वाढू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रकाने, डिसेंबर २०१८ मध्ये दिला. आपल्याकडे टीबी झाकला जाण्याचा धोकाही आहेच.

बेव्हॅसिझुमॅब या कॅन्सरच्या औषधावर बीपी चढतं. घरी बीपीचं मशीन आहे का, हे आधी विचारा.

केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन दिलं आणि पाठदुखीसोबत ताप आला, तर ॲऑर्टाची सूज, म्हणजे ॲऑर्टायटिस, क्वचित का होईना पण होतो. यादीत ठेवा.

फुगवटा सापडला, रिपोर्टात लिहिला, पण पेशंटला आणि ऑन्कोलॉजिस्टला कुणी सांगितलंच नाही. मी फोन करतो. व्हॉट्सॲपवर दोन निळ्या खुणा आल्या म्हणजे वाचलं असं धरत नाही.

आणि हिस्टरी नीट घ्या. “काका, सिगारेट ओढता का?” “न्हाई बा.” “बिडी?” “ती व्हय! ती सकाळधरनं चारच झाल्यात.” तोवर रेसिडेंटने फॉर्मवर ‘नॉन-स्मोकर’ लिहून पान उलटलेलं असतं.