केसपेपरवर 'आदिवासी' लिहायच्या आधी विचारा तरी

आमच्या रायगडात भातकापणी आटपली की कातकरी आदिवासींच्या वाड्या रिकाम्या व्हायला लागतात, मुकादमाची (मजूर नेणाऱ्याची) उचल घेतलेली असते, मग माणसं वीटभट्टीवर नायतर कोळशाच्या भट्टीवर, आणि दुखणं अंगावर काढत काढत अगदीच होईना तेव्हा सरकारी दवाखान्यात. मी वाडीतल्या पेशंटसोबत बरेचदा जाते. एकदा एका दवाखान्यात (नाव नको) काउंटरवरच्या माणसाने बाईकडे नुसतं बघून मोठ्याने विचारलं, "काय गं, कातकरीण ना?" मागे ही लाइन. बाई खाली बघून म्हणाली, "नाय, मराठा." झालं, पेपरवर तेच गेलं.

तर काउंटरवाल्यांनो, वॉर्डवाल्यांनो, तोंड आणि साडी बघून जमात लिहू नका. सगळ्यांना विचारा, शर्टपँटवाल्यालापण. ऑस्ट्रेलियात हॉस्पिटलात येणाऱ्या प्रत्येकाला 'तुम्ही इथल्या मूळनिवासी समाजातले का' हा प्रश्न विचारायची पद्धत आहे, उत्तर द्यायचं का नाही ही त्याची मर्जी. आपल्याकडे हळू आवाजात एवढंच म्हणा, "ताई, सगळ्यांनाच विचारतो, तुम्ही आदिवासी समाजातल्या का? नसेल सांगायचं तर राहू दे, औषधपाणी तेच मिळणार." नाही म्हणाली की नाही. नंतर वॉर्डात ओळख झाल्यावर स्वतःहून सांगितलं तर तेव्हा बदला.

आणि कशाला विचारतो तेपण सांगा, नायतर माणूस घाबरतो. सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, हे खरं कारण आहे. आदिवासी भागात हा आजार जास्त, १ जुलै २०२३ ला देशभराचं मिशन सुरू झालं त्यात ४० वर्षांपर्यंतच्यांची तपासणी आहे. सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे रक्ताची पहिली साधी तपासणी, पॉझिटिव्ह आली म्हणून लगेच "तुला सिकलसेल झालाय" असं सांगू नका हां, नुसता वाहक आहे (दोष अंगात, पण आजार नाही) की आजार आहे ते या टेस्टवरून कळत नाही, एचपीएलसीसारखी पुढची रक्ततपासणी लागते. नवराबायको दोघं वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजाराची शक्यता चारात एक, हे दोघांना बसवून समजवा, एकट्या बाईला नको, तिच्याच माथी मारतात.

नाव लिहाल तर नीट लिहा. नुसतं 'कोळी' लिहिलं तर काहीच कळत नाही, महादेव कोळी अनुसूचित जमातीत, किनाऱ्यावरचे सोनकोळी नाहीत. ठाकर कर्जतच्या डोंगरातपण आणि कुडाळजवळ पिंगुळीला चित्रकथीवालेपण, चेहऱ्यावरून काय ओळखणार तुम्ही? आणि केसपेपरसाठी जातीचा दाखला मागत बसू नका. आरोग्य विभागाच्या दवाखान्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार फुकट आहेत, दाखल्यावाचून कुणाला परत पाठवायचं काही कारणच नाही.

वॉर्डात अरेतुरे बंद, ताई, मावशी, दादा म्हणा. पुरुष डॉक्टर बाईला तपासणार तर पडदा ओढलेला आणि जवळ एक बाई, हा तिचा हक्क आहे, उपकार नाही. भगताकडे जाऊन आलात का हे चिडून विचारलं तर नाहीच म्हणणार! "झाडपाला काय घेतलात, कधी घेतलात, औषध ठरवायला बरं पडेल" असं विचारा, मग पुडीसुद्धा काढून दाखवतात.

डिस्चार्जला खरी गडबड होते. "पंधरा दिवसांनी या" म्हणता, पण तेव्हा ती कुठल्या भट्टीवर असेल? ते आधी विचारा, तिथला जवळचा दवाखाना कागदावर लिहा. टीबी असेल तर निक्षय आयडी (सरकारी टीबी नोंदणीचा नंबर) मोठ्या अक्षरात लिहून द्या, त्यावर दुसऱ्या तालुक्यात गोळ्या चालू ठेवता येतात. फोन नंबर घेतलात की कुणाचा तेपण विचारा. बरेचदा तो मुकादमाचा निघतो, मग त्यावर रिपोर्ट सांगायचा नाही, "दवाखान्यात या" एवढाच निरोप.