पाकिटात रोख किती ठेवावी आणि कार्ड कुठे वापरावे

मुंबईत १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये झाले आणि तेव्हापासून पन्नासची नोट पुढे करणारा प्रवासी व ती घेणारा चालक, या दोघांनाही चोवीस रुपयांची मोड हुडकावी लागते. अशा ठिकाणी कार्ड निरुपयोगी असते; यूपीआय चालते, पण फोनची बॅटरी उतरलेली असेल किंवा रेंज नसेल तर तेही खोळंबते. त्याच प्रवाशाने संध्याकाळी चाळीस हजारांचा फ्रीज रोखीने घेतला, तर मात्र तो स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेत असतो. म्हणून कार्ड बरे की रोख, असा सरसकट प्रश्न न विचारता प्रत्येक वेळी एवढेच पाहावे, की हा व्यवहार जागच्या जागी संपणार आहे, की पुढे त्याविषयी दाद मागण्याची वेळ येऊ शकते. भाजी, चहा, दळण, रिक्षा हे जागेवर संपणारे व्यवहार आहेत आणि ते रोखीने करावेत. घरगुती उपकरणे, रुग्णालयाचे बिल, प्रवासाचे आरक्षण, विम्याचा हप्ता यांत मागाहून वाद निघू शकतो. तिथे कार्ड वापरावे, कारण पैसे कुणाला, किती आणि केव्हा दिले याची नोंद आपण न ठेवताही राहते.

पाकिटात किती रोख असावी, हे अंदाजाने ठरवू नये. एक आठवडाभर, जिथे जिथे कार्ड चालले नाही तिथला खर्च वहीत मांडावा, त्या बेरजेत आणखी निम्मी रक्कम मिळवावी आणि तेवढी रोख दर आठवड्याला काढावी. माझी बेरीज पहिल्यांदा केली तेव्हा ती सातशेच्या आसपास निघाली. त्याआधी मी विनाकारण तीन-चार हजार रुपये बाळगून हिंडत होतो. रकमेपेक्षाही नोटा कोणत्या आहेत याला अधिक महत्त्व आहे, कारण सकाळी सकाळी भाजीवालीपुढे पाचशेची नोट धरली की तिची बोहनी राहते बाजूला आणि आपली जुडीही. एटीएममधून दोन हजारांऐवजी एकोणीसशे रुपये मागितले, तर पाचशेच्या तीन नोटांनंतर उरलेले चारशे यंत्राला शंभर-दोनशेच्या नोटांतच द्यावे लागतात. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये बँकांना एटीएममध्ये या नोटा नियमितपणे ठेवण्यास सांगितले असल्यामुळे ही युक्ती आता पूर्वीपेक्षा अधिक वेळा साधते. दहा रुपयांचे नाणे कुणी नाकारले तर ते चलनात आहे हे शांतपणे सांगावे; त्याच्या निरनिराळ्या चौदाही नमुन्यांची नाणी वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये स्पष्ट केलेले आहे.

रोख फुकट मिळते हाही एक गैरसमज आहे. आपल्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच व्यवहार विनाशुल्क असतात. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर मुंबईसारख्या सहा महानगरांत तीन आणि अन्यत्र पाच. पुणे, नाशिक किंवा नागपूर या हिशेबात महानगर धरले जात नाही, त्यामुळे तिथे पाचांची सवलत मिळते. त्यापुढच्या प्रत्येक व्यवहाराला १ मे २०२५ पासून २३ रुपयांपर्यंत शुल्क आणि त्यावर कर लागू शकतो. नुसती शिल्लक पाहणे हाही व्यवहारच मोजला जातो. यंत्रातील बिघाडामुळे फसलेला प्रयत्न मात्र या मोजणीत धरला जात नाही. दर दोन दिवसांनी पाचशे रुपये काढण्याची सवय असलेल्याने हे गणित एकदा करून पाहावे.

घरातली राखीव रोख ही वेगळी गोष्ट आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि त्यानंतर श्रीवर्धनच्या बाजूच्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी कार्डयंत्र, एटीएम आणि मोबाईल ही तिन्ही एकाच वेळी गप्प होतात. त्यासाठी आठवडाभराच्या किराणा, दूध आणि औषधांपुरती रोख पावसाळ्याआधी वेगळी काढून ठेवावी. ती दोनशे आणि त्याखालच्या नोटांत असावी आणि त्याहून अधिक साठा करू नये. नोव्हेंबर २०१६ मध्ये डाळीच्या डब्यांतून आणि साड्यांच्या घड्यांतून बाहेर निघालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा घेऊन किती गृहिणींना रांगेत उभे राहावे लागले, हे आपण पाहिलेले आहे. फाटकी किंवा मळकी नोट मात्र या पुडक्यात ढकलून देऊ नये. ती कोणत्याही बँकेच्या शाखेत बदलून मिळते, त्यासाठी तिथे खाते असावे लागत नाही.

आता कार्डाकडे वळू. नवे कार्ड हाती आले की ते पाकिटात सरकवण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये किंवा शाखेत जाऊन त्याच्या मर्यादा ठरवून घ्याव्यात. २०२० च्या नियमानुसार नवे कार्ड केवळ देशातील एटीएम आणि दुकानातील यंत्रांसाठीच सुरू असते. ऑनलाइन, परदेशी आणि स्पर्शविरहित वापर ग्राहकाने स्वतः सुरू करायचा असतो. यांपैकी जे लागत नाही ते बंदच राहू द्यावे. नुसते टेकवून, पिनशिवाय पाच हजारांपर्यंत रक्कम देता येते. ही मर्यादा आपण एक हजारावर आणून ठेवली तरी किराण्याचे काम अडत नाही. दैनंदिन मर्यादा वाढवायची कशी, हे मात्र आधीच करून पाहावे. मध्यरात्री रुग्णालयाच्या काउंटरवर अनामत रक्कम भरताना कार्डाची मर्यादा पन्नास हजारांवर अडकल्याचे कळणे, आणि ॲपचा पासवर्ड न आठवणे, यासारखी हतबलता दुसरी नाही.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो यंत्राने व्यवहार नाकारला आणि खात्यातून पैसे मात्र वळते झाले तेव्हा. दुकानदार पुन्हा कार्ड फिरवायला सांगतो, मागे रांग वाढलेली असते आणि आपण भिडेखातर पुन्हा पिन दाबतो. मी एका पेट्रोल पंपावर असेच करून एकाच टाकीचे पैसे दोनदा भरले होते. अशा वेळी आधी बँकेचा संदेश पाहावा, व्यवहार नाकारल्याची चिठ्ठी यंत्रातून मागून घ्यावी आणि तेवढ्यापुरते बिल रोखीने भागवावे. पाकिटातली रोख खरी उपयोगी पडते ती इथे. सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत आली पाहिजे, आणि न आल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई बँकेने द्यायची असते. एटीएमने नोटा न देता खात्यातून रक्कम कापली तरी हीच मुदत लागू होते. तक्रार लेखी किंवा ॲपमधून करावी, कारण काउंटरवर तोंडी सांगितलेल्या गोष्टीला तारीख नसते.

डेबिट आणि क्रेडिट कार्डांत निवड करताना लक्षात घ्यावे, की वादाच्या काळात डेबिट कार्डावर आपलेच पैसे अडकलेले असतात, तर क्रेडिट कार्डावर बँकेचे. हॉटेलात खोली घेताना अनामत म्हणून काही रक्कम रोखून धरली जाते, तिथे म्हणूनच क्रेडिट कार्ड सोयीचे पडते. मात्र त्याचे पूर्ण बिल मुदतीत भरण्याची शिस्त नसेल तर ते घेऊच नये. केवळ किमान रक्कम भरली तर उरलेल्यावर व्याज लागतेच, शिवाय नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. आणि क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढल्यास पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते.

काही दुकानांत कार्ड पुढे केले की दोन टक्के जादा मागतात. डेबिट कार्डावर असा भार ग्राहकावर टाकण्यास मनाई आहे, तेव्हा ते स्पष्ट बोलून दाखवावे. रोखीचा भाव कमी सांगितला तर आधी पक्के बिल मिळणार का ते विचारावे. बिलाविना वाचलेले पाचशे रुपये वॉरंटीच्या वेळी महाग पडतात. आरोग्य विम्याचा हप्ता रोखीने भरल्यास प्राप्तिकरातील वजावट मिळत नाही, आणि एका व्यक्तीकडून एका दिवसात दोन लाख किंवा अधिक रोख स्वीकारण्यास कायद्यानेच बंदी आहे.

सगळी रक्कम आणि एकुलते एक कार्ड एकाच बँकेत ठेवू नये. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. दुसऱ्या बँकेचे एक साधे कार्ड घरी कपाटात असले तरी पुरे.

कार्ड हरवले किंवा अनोळखी व्यवहाराचा संदेश आला तर आधी कार्ड बंद करावे, मग शोधाशोध करावी. बँकेचा तक्रार क्रमांक फोनबरोबरच कागदावरही लिहिलेला असावा, कारण पाकीट आणि फोन पुष्कळदा एकत्रच जातात. फसवणूक झाली असल्यास १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावरही लगेच कळवावे. २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेचीही नसेल आणि आपलीही नसेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास आपल्यावर काहीही बोजा पडत नाही. चार ते सात दिवसांत कळवल्यास तो ठरावीक रकमेपुरता राहतो. पिन आपणच कुणाला सांगितला असेल, तर तक्रार करेपर्यंतचे नुकसान आपले आणि त्यानंतरचे बँकेचे, म्हणून तेव्हा तासांचाही फरक पडतो. बँकेचा संदेश आला तो दिवस त्या तिनांत धरला जात नाही, तरीही त्याच दिवशी कळवावे आणि तक्रारीचा क्रमांक वेळेसह लिहून ठेवावा.