एफईच्या (इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या) मुलांनो, आत्मविश्वास घालवणाऱ्या या चुका टाळा

इनसेमचे (सत्राच्या मधल्या परीक्षेचे) मार्क लागले की दरवर्षी एफईची मुलं येऊन सांगतात, "सर, कॉन्फिडन्सच गेलाय." बारावीपर्यंत वर्गात पहिली-दुसरी येणारी ही मुलं. खोदून विचारलं की कारणं त्याच त्या चुकांपाशी येऊन थांबतात.

सर्वांत घातक चूक म्हणजे ग्राफिक्सच्या (इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या) शीटला जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, मारणं. काचेखाली दिवा, काचेवर मित्राची शीट, तिच्यावर आपली, की झालं सबमिशन. अशा एका मुलाच्या शीट फार देखण्या होत्या. ओरलला मी विचारलं, "बिंदू एचपीच्या (आडव्या प्रतलाच्या) २० मिमी वर आणि व्हीपीच्या (उभ्या प्रतलाच्या) ३० मिमी पुढे आहे. फर्स्ट अँगल पद्धतीच्या ड्रॉइंगमध्ये कुठे दाखवशील?" तो नुसता उभा. मग हळूच म्हणाला, "सर, मला ड्रॉइंग जमतच नाही." त्यानं कधी करूनच पाहिलं नव्हतं, जमत नाही हे मात्र ठरवून टाकलं होतं. याचं मला फार वाईट वाटलं.

मी त्याला कोरा कागद मधोमध दुमडून काटकोनात धरायला लावला. उभा भाग व्हीपी, आडवा एचपी, घडी म्हणजे दोन्ही जिथे मिळतात ती एक्सवाय रेषा. मध्ये खोडरबर धरला आणि समोरून, वरून तो कुठे दिसतो तिथे त्यालाच खुणा करायला सांगितल्या. कागद सपाट केल्यावर तोच म्हणाला, "फ्रंट व्ह्यू रेषेच्या २० वर, टॉप व्ह्यू ३० खाली." पुढे तो स्वतःची गणितं घेऊन यायला लागला, खाडाखोडीसकट. प्रत्येक टॉपिकची निदान एक शीट पहिल्या रेघेपासून स्वतः काढा. डाग पडले तरी चालतील, मी मार्क कापत नाही.

सीनिअरच्या जर्नलमधून कॉम्प्युटरचे प्रोग्राम उतरवणं हाही त्यातलाच प्रकार.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजी सुधारेपर्यंत शंका दाबून ठेवू नयेत. टॉर्क, फ्लक्स हे शब्द तसेच ठेवा, बाकीचं मराठीत विचारा.

सीईटीचा पर्सेंटाइल होस्टेलवर उगाळू नका. कॅप राउंडबरोबर (प्रवेशफेरीबरोबर) त्याचं काम संपलं.

दोन दिवसांच्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिरावर आईवडिलांचे पैसे घालू नका. व्हायवात (ओरलला) ते उपयोगी पडत नाही.

आणि एम-वनला (गणिताच्या पहिल्या पेपरला) ३० पैकी ९ पडले म्हणून लगेच क्लास शोधत फिरू नका. आधी पेपर बघायला मागा. पार्शल डेरिव्हेटिव्ह कळलेलं असतं, मार्क जातात ते बारावीच्या डेरिव्हेटिव्हमध्ये आणि चिन्हांत. तेवढंच आधी पक्कं करा.