संगणकावर विश्वाचे जाळे उभे करण्याची रीत

दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे थवे, आणि त्यांच्या प्रचंड समूहांचे जाळे कसे घडले, हा विषय सोलापुरातील पदवीचे विद्यार्थी प्रकल्पासाठी घेऊ इच्छित असतील, तर त्यांनी चित्रांच्या तक्त्यावर न थांबता हे जाळे साध्या लॅपटॉपवर स्वतः उभे करून पाहावे, असा माझा आग्रह आहे. त्यासाठी पायथॉन ही संगणकभाषा, तिच्यातील नमपाय व मॅटप्लॉटलिब ही दोन मोफत साधने आणि फूरिए रूपांतराची, म्हणजे एखादा नकाशा लहान-मोठ्या लहरींच्या बेरजेत मांडण्याच्या रीतीची, तोंडओळख एवढे भांडवल पुरते.

संगणक सुरू करण्यापूर्वी मात्र कागदावर एक हिशेब करावा, कारण पुढचा सगळा प्रयोग त्यावर उभा आहे. महास्फोटानंतर सुमारे 3 लाख 80 हजार वर्षांनी प्रकाश द्रव्यापासून मोकळा झाला; तोच प्रकाश आज सूक्ष्मलहरींच्या रूपाने सर्व दिशांकडून येतो आणि त्याच्या तापमानात जागोजागी जेमतेम एक लाखात एक एवढा फरक आढळतो. हा फरक कोबे उपग्रहाच्या निरीक्षणांतून 1992 मध्ये जाहीर झाला. त्या वेळी अणूंनी बनलेल्या साध्या द्रव्याच्या घनतेतील चढउतारही याच प्रतीचे, फार तर काही पट अधिक होते. जिथे घनता किंचित जास्त, तिथे गुरुत्वाकर्षण आणखी द्रव्य ओढते. परंतु विश्व त्याच वेळी प्रसरण पावत असल्यामुळे ही वाढ झपाट्याने होत नाही, तर प्रसरणाच्या प्रमाणात होते. तेव्हापासून आजवर विश्व सुमारे 1100 पट पसरले आहे. एक लाखांशाला 1100 ने गुणल्यास सुमारे एक शतांश येतो; आरंभीचे चढउतार काही पट अधिक धरले, तरी साधे द्रव्य एकटेच असते, तर 1380 कोटी वर्षांनंतर आजही घनतेत दोन-तीन टक्क्यांचाच फरक दिसला असता आणि आकाशगंगा घडलीच नसती. हा आकडा वहीत ठळक लिहून ठेवावा.

आता प्रयोग. यासाठी सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव्ह झेल्डोविच यांनी 1970 मध्ये मांडलेली पद्धत घ्यावी. तिच्यात प्रत्येक कण आरंभी ठरलेल्या दिशेने सरळ सरकतो, त्यामुळे गणित हलके राहते. 256 गुणिले 256 चौकटींची जाळी घेऊन प्रत्येक चौकटीत एक यादृच्छिक संख्या भरावी आणि तिचे फूरिए रूपांतर करावे. यादृच्छिक संख्यांचे बीज, म्हणजे ज्या आकड्यापासून संगणक त्या संख्या तयार करतो तो, कायम ठेवावे, नाहीतर पुढे दोन चित्रांची तुलनाच करता येणार नाही. रूपांतरानंतर प्रत्येक लहरीला तिच्या तरंगांकाने (लहर जितकी आखूड, तितका हा आकडा मोठा) भागावे, म्हणजे लांब लहरी ठळक होतात, आणि चार-पाच चौकटींहून आखूड लहरी हळुवारपणे पुसून टाकाव्यात. उलट रूपांतर केल्यावर मिळणारा घनतेचा नकाशा असा मोजपट्टीत बसवावा, की चढउतारांचे प्रमाण विचलन एक येईल.

कण किती सरकवायचे, हे याच नकाशावरून काढतात. प्रत्येक लहरीला काल्पनिक एककाने व तरंगसदिशाने (लहरीची दिशाही सांगणाऱ्या तरंगांकाने) गुणून तरंगांकाच्या वर्गाने भागले आणि उलट रूपांतर केले, की विस्थापन मिळते. येथे आणि आधीच्या भागाकारातही तरंगांक शून्य असलेल्या घटकाला न भागता तो थेट शून्य ठेवावा; ते राहून गेल्यास शून्याने भागाकार होतो आणि पडद्यावर एकही ठिपका न उमटता कोरी चौकट येते. प्रत्येक चौकटीत एक कण ठेवून तो विस्थापन गुणिले वाढ-गुणक एवढा सरकवावा; हा गुणक जितका मोठा, तितकी घनतेतील वाढ पुढे गेलेली. उजव्या कडेबाहेर गेलेला कण डावीकडून आत आणावा, तसेच वर आणि खाली करावे.

पहिले चित्र वाढ-गुणक 0.03 ठेवून काढावे. हा आपल्या वहीतील आकडाच आहे. कणांच्या ओळी किंचित लहरतात, पण मोडत नाहीत. केवळ साध्या द्रव्याचे विश्व आज असेच दिसले असते. मग गुणक 0.3, 0.6 आणि 1 करत जावे. आधी लांबट पट्टे, पुढे तंतू, तंतू मिळतात तिथे दाट गाठी आणि मधल्या जागी पोकळ्या उमटू लागतात. गुणक 2 केल्यावर तंतू पुन्हा जाड व धूसर होतात, कारण या पद्धतीत कण एकमेकांना थोपवत नाहीत, आरपार निघून जातात. ही विश्वाची नव्हे, पद्धतीची मर्यादा आहे, हे अहवालात नोंदवावे.

0.03 वरून 1 पर्यंतची ही झेप कृष्णद्रव्याने घडवली. साधे द्रव्य प्रकाशाच्या दाबामुळे अडून राहिले होते, तेव्हा प्रकाशाशी देणेघेणे नसलेले कृष्णद्रव्य महास्फोटानंतर सुमारे 50 हजार वर्षांपासूनच गोळा होऊ लागले होते. प्रकाश मोकळा झाल्यावर वायू त्याच्या तयार खळग्यांत ओघळला, उष्णता बाहेर टाकून निवला आणि त्यातून पहिले तारे साधारण 10 ते 20 कोटी वर्षांत पेटले. जेम्स वेब या अंतराळ दुर्बिणीला महास्फोटानंतर 30 कोटी वर्षांच्या आत घडलेल्या दीर्घिकाही सापडल्या आहेत. पुसलेल्या आखूड लहरींची मर्यादा वाढवून तोच प्रयोग पुन्हा करावा: मोठे तंतू राहतात, लहान गाठी नाहीशा होतात. वेगवान कणांनी आखूड लहरी अशाच पुसल्या असत्या; प्रत्यक्षात लहान दीर्घिका आधी घडून पुढे एकत्र आल्या, म्हणून कृष्णद्रव्याचे कण संथ असले पाहिजेत, असे मानले जाते.

संगणकावरच्या गाठीशी ताडून पाहण्याजोगी खरी गाठ सोलापूरच्या जवळजवळ डोक्यावरून जाते. सुमारे 5.4 कोटी प्रकाशवर्षे दूर असलेला कन्या राशीतील दीर्घिकासमूह एप्रिल-मे महिन्यांत रात्री दहा-अकराच्या सुमारास येथे खस्वस्तिकाच्या (बरोबर डोक्यावरच्या बिंदूच्या) किंचित दक्षिणेस असतो. शहराच्या उजेडापासून दूर, नान्नजकडच्या माळरानावर चंद्र नसलेल्या रात्री सहा इंची दुर्बीण लावल्यास एम 84, एम 86 आणि एम 87 या दीर्घिका फिकट डागांसारख्या दिसतात. याहून कितीतरी मोठी रचना हवी असल्यास पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांसह भारतीय चमूने 2017 मध्ये जाहीर केलेला, सुमारे 400 कोटी प्रकाशवर्षे दूरचा सरस्वती महासमूह अभ्यासावा. त्याचा नकाशा स्लोन या आकाश-सर्वेक्षणाच्या खुल्या माहितीवरून तयार झाला आणि ती माहिती विद्यार्थ्यांनाही उतरवून घेता येते. दीर्घिकांच्या स्थानांचा असा एक पातळ काप काढून तो गुणक 1 च्या चित्राशेजारी, दोन्हींची मोजपट्टी व बीजाचा आकडा लिहून, अहवालात जोडावा.