गिअरबॉक्सचा माउंट नवा, तरी गाडी थरथरते? मग हे क्रमाने तपासा

जुना माउंट, म्हणजे गिअरबॉक्स ज्यावर टेकतो तो रबरी आधार, फाटला म्हणून बदलला आणि गाडी आधीपेक्षा जास्त थरथरायला लागली, की पहिला संशय नव्या माउंटवर जातो. अनेक जण तो काढून लगेच दुसरा बसवतात. तसं करू नका. नवा माउंट कधीकधी सदोष निघतो हे खरं, पण बहुतेक वेळा गोष्ट वेगळीच असते. जुन्याचं रबर वर्षानुवर्षं दबत गेलेलं असतं. त्याच्याबरोबर गिअरबॉक्सचं मागचं टोक काही मिलिमीटर खाली उतरलेलं असतं आणि इंजिनचे माउंट, सायलेन्सरचा पाइप, शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जोर नेणारा लांब दांडा) हे सगळं त्या खालच्या जागेला सरावलेलं असतं. नवा माउंट ते टोक पुन्हा वर उचलतो. बाकीचे भाग मात्र जुन्याच जागी अडून बसतात आणि कुठेतरी ताण पकडतात. हा ताण शोधून सोडवायचा आहे.

पाना हातात घेण्याआधी थरथर नेमकी कधी येते ते पाहा. गाडी उभी, इंजिन मंद चालू, गिअर न्यूट्रलमध्ये: अशा वेळीही हादरे येत असतील तर दोष माउंट, बोल्ट किंवा सायलेन्सर यांच्याच आसपास आहे. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ७५० फेऱ्यांवर चालत असताना सेकंदाला २५ धक्के देतं. ते रबराने गिळायचे असतात. लोखंड लोखंडाला कुठे टेकलं, की ते थेट सीटपर्यंत येतात.

थरथर फक्त चालत्या गाडीत येत असेल, तर मोकळ्या रस्त्यावर ती कोणत्या वेगाला येते ते लक्षात ठेवा. मग तोच वेग गिअर बदलून धरा. इंजिनच्या फेऱ्या बदलल्या तरी थरथर त्याच वेगाला चिकटून राहिली, तर शाफ्ट, क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा वाकता सांधा) किंवा चाकं पाहा. ती इंजिनच्या फेऱ्यांबरोबर पळत असेल, तर माउंट आणि सायलेन्सर पाहा. चाक आणि शाफ्ट यांतला फरक अंगाला कळतो. ताशी ८० किलोमीटरला साधारण १.९ मीटर घेराचं चाक सेकंदाला सुमारे १२ फेऱ्या घेतं, म्हणून त्याचा दोष स्टेअरिंगमध्ये किंवा सीटमध्ये डोलल्यासारखा जाणवतो. डिफरन्शिअलचं, म्हणजे शाफ्टचा जोर चाकांना देणाऱ्या गिअरच्या डब्याचं, प्रमाण ३.७ असेल तर शाफ्ट त्याच वेळी ४३ फेऱ्या घेत असतो. त्याची बारीक घरघर फरशीतून पायाला लागते. एवढ्या चाचणीतच निम्मं काम होतं, आणि नेमकी हीच पायरी लोक गाळतात.

आता गाडीखाली जायचं. सपाट, कडक जमीन हवी, चाकांना अडसर हवा, गाडी जॅक स्टँडवर किंवा रॅम्पवर हवी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. सायलेन्सर पूर्ण थंड होऊ द्या.

आधी नुसतं बघा. माउंटवर बाण किंवा पुढच्या बाजूची खूण असेल तर तो उलटा बसलेला नाही ना? बोल्ट जास्त लांब असून रबराच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्यांना एकदम टेकतोय का? तसं असेल तर मधलं रबर असून नसल्यासारखंच. पाइप आणि क्रॉसमेंबर (माउंट ज्यावर बसतो ती आडवी पट्टी), पाइप आणि बॉडी, उष्णतेचा पत्रा आणि पाइप यांच्यामधून जाड पुठ्ठ्याची पट्टी फिरवून पाहा. ती जिथे अडते, किंवा जिथे धातू घासून चकाकतोय, तिथेच हादरा बॉडीत शिरतोय.

काही टेकलेलं दिसलं नाही तरी पुढची पायरी कराच, कारण सगळ्यात जास्त गाड्या इथेच बऱ्या होतात. गिअरबॉक्सखाली लाकडी फळी ठेवून जॅकचा हलका आधार द्या. तेलाच्या पातळ पत्र्याच्या पॅनच्या मधोमध भार देऊ नका. मग गिअरबॉक्सच्या माउंटचे आणि इंजिनच्या माउंटचे नट दोन-तीन फेऱ्या सैल करा, काढू नका. गिअरबॉक्समागचा सायलेन्सरचा क्लॅम्पही सैल करा. जॅक हळूहळू खाली घ्या, म्हणजे सगळं वजन माउंटवर येईल. इंजिन हाताने पुढे-मागे आणि आडवं हलवा. सगळी जोडणी आपापल्या जागी बसते, कधीकधी ‘टक’ असा आवाजही येतो. गाडी रॅम्पवर चाकांवर उभी असेल आणि तुमच्या गाडीचं मॅन्युअल तसं सांगत असेल, तर सगळे जण बाहेर आल्यावर हँडब्रेक ओढून, न्यूट्रलमध्ये, इंजिन काही सेकंद मंद चालवून बंद करा. त्यानंतर घट्ट करायचं: आधी इंजिनचे माउंट, मग गिअरबॉक्सचा, आडव्या इंजिनाला टॉर्क रॉड (इंजिनाला डोलू न देणारा दांडा) असेल तर तो त्यानंतर, आणि सगळ्यात शेवटी सायलेन्सरचा क्लॅम्प. मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम असेल तर तोच पाळा. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने घट्ट करायचा पाना) वापरा, आकडा मॅन्युअलमधलाच घ्या. एकदाच वापरायचे म्हणून सांगितलेले बोल्ट नवेच लावा.

मागच्या चाकांना जोर देणाऱ्या गाडीत थरथर अजूनही वेगाबरोबर येत असेल, तर कोन मोजायची वेळ आली. शाफ्टच्या टोकाचा क्रॉस वाकलेल्या कोनात फिरताना एका फेरीत दोनदा वेग कमी-जास्त करतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले, की एकाची चूक दुसरा पुसतो. गाडीचं वजन चाकांवर असू द्या आणि कोनमापक गिअरबॉक्सच्या फ्लँजवर (शाफ्ट जिथे जोडला जातो त्या चकतीवर), शाफ्टवर आणि डिफरन्शिअलच्या फ्लँजवर ठेवा. गिअरबॉक्स मागे ३ अंश उतरता आणि शाफ्ट ५ अंश उतरता असेल, तर पुढच्या क्रॉसचा कोन २ अंश. मागेही २ अंशांच्या जवळपासच यायला हवा. दोन्हींत १ अंशापेक्षा कमी फरक आणि प्रत्येक कोन १ ते ३ अंश, एवढा अंदाज पुरतो. शून्य कोनही बरा नाही, कारण मग क्रॉसमधल्या बेअरिंगच्या सुया एकाच जागी दबून घासतात. गिअरबॉक्सचं टोक खाली राहिलं असेल तर माउंट आणि क्रॉसमेंबर यांच्यामध्ये २-३ मिलिमीटरची स्टीलची शिम (सपाट पट्टी) घाला आणि पुन्हा मोजा. टोक फार वर गेलं असेल तर पुढचे इंजिन माउंट दबलेले आहेत का ते आधी पाहा. तसे असतील तर तेही बदलावे लागतील.

काम करताना शाफ्ट काढला होता का, हेही आठवून पाहा. खडूची खूण न करता काढला असेल तर मागची फ्लँज सोडून शाफ्ट अर्धा फेरा फिरवून लावा आणि चालवून पाहा. दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर मधल्या बेअरिंगचं रबर हाताने वरखाली करून तपासा, आणि दोन्ही तुकडे मूळ जुळणीतच बसलेत याची खात्री करा.

पुढच्या चाकांना जोर देणाऱ्या गाडीत लांब शाफ्ट नसतो, पण इंजिन बाजूला सरकून बसलं तर ॲक्सलचा (चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा) आतला सीव्ही जॉइंट, म्हणजे वाकता सांधा, अडतो. ॲक्सिलरेटर दाबला की थरथर, सोडला की बंद, असं असेल तर वरची सैल करून बसवण्याची पायरी पुन्हा करा. तरीही राहिली तर तो जॉइंट झिजलाय का ते पाहा.

एवढं सगळं करूनही हादरे राहिले, तरच माउंट बदला. मात्र तुम्ही मूळ रबराऐवजी पॉलियुरेथेनचा कडक माउंट घेतला असेल, तर थोडी थरथर त्याचा स्वभावच आहे आणि कितीही बोल्ट फिरवले तरी ती जाणार नाही. कोन बरोबर, क्रॉस घट्ट, तरी घरघर वेगाबरोबर वाढत असेल तर शाफ्ट मशीनवर बॅलन्स करून घ्या. ते घरी होत नाही. काही शे किलोमीटर चालल्यावर सगळे नट एकदा टॉर्क रेंचने तपासा, कारण नवं रबर सुरुवातीला थोडं दबतं.