‘टेक’ वापरताना या चुका टाळा

हिंजवडीतल्या कंपनीत जाऊन आलेला उमेदवार सांगतो, ‘दे टुक माय इंटरव्ह्यू.’ पुण्यात हे वाक्य सगळ्यांना कळतं, म्हणून कुणी दुरुस्त करत नाही. परदेशातल्या क्लायंटसमोर मात्र ऐकणारा क्षणभर अडखळतो. व्याकरण शुद्ध असतं, उच्चारही चांगला असतो. घोटाळा होतो तो ‘घेणे’ दिसलं की इंग्रजीत ‘टेक’ हे क्रियापद लावायच्या सवयीमुळे.

मराठीत एखादी गोष्ट जो घडवून आणतो, तो ती ‘घेतो’. सर लेक्चर घेतात, बोर्ड परीक्षा घेतं, एचआर इंटरव्ह्यू घेतं, मॅनेजर मीटिंग घेतो. समोरचा माणूस परीक्षा ‘देतो’, इंटरव्ह्यू ‘देतो’. इंग्रजीत हे बरोब्बर उलटं आहे. परीक्षेला बसणारा विद्यार्थी ‘टेक्स ॲन एक्झाम’. ब्रिटिश इंग्रजीत ‘सिट्स ॲन एक्झाम’ असंही म्हणतात. ‘आय गेव्ह द एक्झाम’ म्हटलं तर पेपर तुम्ही काढलात, असा अर्थ निघतो.

इंटरव्ह्यूच्या बाबतीत तर दोन्ही बाजूंनी चूक होते. ‘दे टुक माय इंटरव्ह्यू’ऐवजी ‘दे इंटरव्ह्यूड मी’ म्हणा. ‘आय गेव्ह ॲन इंटरव्ह्यू’ हे नट, खेळाडू किंवा पुढारी वर्तमानपत्राला मुलाखत देतात तेव्हा शोभतं. नोकरीसाठी ‘आय हॅड ॲन इंटरव्ह्यू’ किंवा ‘आय वॉज इंटरव्ह्यूड फॉर द पोझिशन’ एवढं पुरतं. लेक्चर शिक्षक ‘देतो’: ‘शी गेव्ह अ लेक्चर ऑन जीएसटी.’ मीटिंगसाठी ‘वी हेल्ड अ मीटिंग’ किंवा साधं ‘वी हॅड अ मीटिंग’. ‘टेक अ क्लास’ जपून वापरा. अमेरिकी माणसाला त्यातून तुम्ही विद्यार्थी म्हणून वर्गाला जाता असं वाटतं, तर ब्रिटनमध्ये शिक्षक वर्ग घेतो याही अर्थाने ते ऐकू येतं. बायोडाटामध्ये ‘टॉट’ लिहिलं की शंका राहत नाही. एक अपवाद मात्र मराठीसारखाच आहे: हजेरी शिक्षकच घेतो, ‘टेक्स अटेंडन्स’.

दुसरा मोठा घोळ खरेदीचा. ‘वी टुक अ फ्लॅट इन कोथरूड’ ऐकून ब्रिटिश माणूस तुम्ही फ्लॅट भाड्याने घेतला असं समजेल. विकत घेतला असेल तर ‘बॉट’च म्हणायला हवं. ‘आय टुक टोमॅटोज फ्रॉम मंडई’ तर त्याहून वाईट, कारण पैसे न देता उचलून आणले असाही अर्थ त्यातून लागतो. पण लक्ष्मी रोडवरच्या दुकानात चार साड्या उलगडून झाल्यावर एकीवर बोट ठेवून ‘आय विल टेक धिस वन’ म्हणणं अगदी बरोबर. तिथे तुम्ही निवड सांगताय, व्यवहार नाही. घरी आल्यावर मात्र तीच साडी ‘बॉट’ होते.

खाण्यापिण्यातही असंच. ‘आय टुक ब्रेकफास्ट’ कानाला खटकतं, ‘हॅड’ वापरा. औषध मात्र ‘टेक’च. ‘डू यू टेक शुगर?’ हेही बरोबर, कारण तो प्रश्न चहात साखर घेण्याच्या तुमच्या सवयीबद्दल आहे.

‘ती फाइल घेऊन ये’ याचं ‘टेक दॅट फाइल अँड कम’ करू नका. ‘ये’ असेल तर ‘ब्रिंग’ आणि ‘जा’ असेल तर ‘टेक’, इतकं हे सोपं आहे. हा भेद मराठीत क्रियापदातच ऐकू येतो, त्यामुळे आपल्याला तो अवघड जायचं कारण नाही. साहेबांना फोनवर ‘मी फाइल घेऊन येतो’ सांगायचं तर ‘आय विल ब्रिंग द फाइल.’

वेळेच्या वाक्यात ‘मला’ आड येतं. ‘मला कोथरूडहून हिंजवडीला जायला तास लागतो’ याचं ‘मी टेक्स वन अवर’ होतं, किंवा ‘फॉर रीचिंग’ जोडलं जातं. वाक्याचा साचा असा: आधी ‘इट टेक्स’, मग माणूस, मग वेळ, शेवटी ‘टु’ आणि क्रियापद. ‘इट टेक्स मी ॲन अवर टु रीच हिंजवडी.’ ‘रीच’पुढे पुन्हा ‘टु’ नको. ‘आय टेक ॲन अवर’ व्याकरणात बसतं, पण त्यात वाहतुकीचा दोष तुमच्या संथपणाकडे येतो.

ऑफिसात सगळ्यात जास्त वापरलं जाणारं चुकीचं वाक्य बहुधा ‘आय ॲम टेकिंग ॲन ऑफ टुमॉरो’ हे असावं. ‘ऑफ’ हे इथे नाम नाही. ‘आय ॲम टेकिंग टुमॉरो ऑफ’ किंवा ‘टेकिंग अ डे ऑफ’ म्हणा. दिवसाचा उल्लेख ‘टेक’ आणि ‘ऑफ’ यांच्या मधे यायला हवा. ‘आय ॲम टेकिंग ऑफ टुमॉरो’ म्हटलं तर तुम्ही उद्या कुठेतरी निघालात असं समोरच्याला वाटेल. शिवाय ‘टेक केअर ऑव्ह’मधला शब्द वेगळा आहे. तो उच्चारात ‘ऑव्ह’ होतो आणि त्यात एकच ‘एफ’ असतो. सुट्टीच्या ‘ऑफ’मध्ये दोन. मेलमध्ये हे दोन शब्द सर्रास अदलाबदल होतात आणि स्पेलचेकला बऱ्याचदा ती चूक सापडत नाही, कारण दोन्ही शब्द खरेच आहेत.

‘टेक ऑफ’सारख्या दोन शब्दांच्या जोडक्रियापदांत सर्वनामाची जागा ठरलेली असते. ‘टेक ऑफ युअर शूज’ चालतं, ‘टेक युअर शूज ऑफ’ही चालतं, पण ‘शूज’च्या जागी ‘देम’ आलं की फक्त ‘टेक देम ऑफ’. ‘टेक ऑफ देम’ कधीच नाही. उलट ‘शी टेक्स आफ्टर हर मदर’, म्हणजे मुलगी आईवर गेलीय, यातला ‘टेक्स आफ्टर’ फोडता येत नाही. ‘टेक इन’चे अर्थ तर एकमेकांपासून फार लांबचे: शिंप्याकडे ब्लाउज ‘टेक इन’ करणं म्हणजे बाजूंनी आत घेऊन घट्ट करणं (माया उसवून सैल करणं म्हणजे ‘लेट आउट’), आणि ‘आय वॉज टेकन इन’ म्हणजे मी फसलो.

‘टेक ॲडव्हांटेज ऑव्ह’ संधीच्या बाबतीत वापरा, माणसाच्या बाबतीत नको. ‘आय टुक ॲडव्हांटेज ऑव्ह माय मॅनेजर’ म्हणजे तुम्ही त्याचा गैरफायदा घेतलात. त्याच्या अनुभवाचा उपयोग झाला हे सांगायचं तर ‘आय लर्न्ड अ लॉट फ्रॉम माय मॅनेजर’. ‘आय टुक हिज हेल्प’पेक्षा ‘ही हेल्प्ड मी’ सरळ आहे. आणि ‘डोन्ट टेक टेन्शन’ मित्रांच्या कट्ट्यावर ठीक. क्लायंटला ‘डोन्ट वरी’.

रूपांची चूक एकच, पण चिवट: ‘डिड यू टुक?’ आणि ‘आय हॅव टुक’. ‘डिड’ आलं की भूतकाळ त्यातच संपतो, पुढे ‘टेक’च, ‘हॅव’पुढे ‘टेकन’. हे क्रियापद जुन्या नॉर्समधल्या, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या प्राचीन भाषेतल्या, ‘ताका’वरून इंग्रजीत आलं. तिथेही भूतकाळ ‘तोक’ असा आतला स्वर बदलूनच होत असे, म्हणून ‘टेक्ड’ असं रूप झालं नाही.

स्वतःच्या चुका शोधायच्या तर मेलच्या ‘सेंट’ फोल्डरमध्ये आधी ‘टुक’ आणि मग ‘टेकिंग’ शोधा. प्रत्येक ठिकाणी मूळ मराठी वाक्य मनात म्हणून पाहा. तिथे ‘घेणे’चा अर्थ आयोजित करणं, विकत आणणं किंवा खाणं असा निघाला, तर ते ‘टेक’ बदलायचं: अनुक्रमे ‘हेल्ड’, ‘बॉट’, ‘हॅड’.