तुमच्या सवयींना मानवेल असा प्लॅनर कसा निवडावा

डिसेंबरात हौसेने घेतलेल्या डायऱ्या मार्चनंतर कोऱ्या का राहतात, याचं उत्तर बहुधा खरेदीच्या क्षणातच सापडतं. दुकानात उभे असताना आपल्या डोळ्यांसमोर पहाटे पाचला उठणारी, पाण्याचे पेले मोजणारी, महिन्याला चार पुस्तकं वाचणारी कुणीतरी भलतीच व्यक्ती असते. प्लॅनर तिच्यासाठी घेतला जातो आणि वापरायची वेळ येते आपल्यावर. म्हणून दुकानात जाण्याआधी थोडा गृहपाठ करा. निम्मी निवड तिथेच होते.

पायरी १ : आठवडाभर चिठ्ठ्या साठवा

एक मोठं पाकीट घ्या आणि आठवडाभर तुम्ही जे काही लिहाल ते त्यात टाका. किराण्याची यादी, लग्नपत्रिकेच्या मागे उतरवलेला फोन नंबर, ऑफिसातल्या पिवळ्या चिठ्ठ्या, सगळं. मोबाइलवर स्वतःलाच पाठवलेले मेसेजही कागदावर उतरवून घ्या. भिंतीवरचं कॅलेंडरही नीट बघा. ‘कालनिर्णय’ १९७३ साली सुरू झालं तेव्हापासून कितीतरी मराठी घरांचा खरा प्लॅनर तेच आहे : दुधाचं जास्तीचं अर्धा लिटर, मावशींचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, इस्त्रीचे कपडे. ‘मला लिहायची सवयच नाही’ म्हणणाऱ्यांच्या कॅलेंडरवरही हे सगळं सापडतं.

आठवड्यानंतर चिठ्ठ्यांचे तीन ढीग करा. पहिला, वेळ ठरलेल्या गोष्टींचा : डॉक्टर, मीटिंग, क्लास, गाडी. दुसरा, करायच्या पण वेळ न ठरलेल्या कामांचा. तिसरा, होऊन गेलेल्या गोष्टींच्या नोंदींचा : खर्च, औषध, खाडे, मुलाचा ताप.

पहिला ढीग मोठा असेल तर आठवड्याचे सात उभे रकाने आणि बाजूला तास छापलेली मांडणी घ्या. दोन गोष्टी एकाच वेळेला आल्या की ती लगेच दाखवते. दुसरा मोठा असेल (माझा अंदाज, बहुतेकांचा हाच असतो) तर डाव्या पानावर आठवडा आणि उजवं पान कोरं किंवा रेघांचं, अशी मांडणी शोधा. यादी उजवीकडे राहते, तिच्यातलं एकेक काम त्या-त्या वारासमोर येतं. अशा माणसाने तासांचा प्लॅनर घेतला तर ‘११ ते १२ : गॅसवाल्याला फोन’ असं लिहावं लागतं आणि आठवड्यात कंटाळा येतो. तिसऱ्या ढिगाचं बघताना नोंदी केवढ्या आहेत ते पाहा. चार शब्दांच्या असतील तर महिन्याचे चौकोन पुरतात. परिच्छेद लिहायची सवय असेल तरच दिवसाला एक पान घ्या.

पायरी २ : तो कुठे राहणार आणि कुठे उघडणार?

इथे थोडा हिशोब करू. ए५ म्हणजे १४८ × २१० मिलिमीटर, ए४ च्या निम्मा आकार. ८० जीएसएमच्या (म्हणजे एका चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाच्या) कागदावर दिवसाला एक पान दिलं की वर्षाच्या नुसत्या कागदाचं वजन साडेचारशे ग्रॅमच्या घरात जातं. पुठ्ठा वेगळा. त्याच आकारात आठवड्याला दोन पानं घेतली तर कागद भरतो सुमारे १३० ग्रॅम. डोंबिवलीहून लोकलने जाणाऱ्याच्या पाठीवर डबा, पाण्याची बाटली आणि छत्री आधीच असते. जड डायरी पहिल्या आठवड्यात घरी राहते आणि मग घरीच राहते. अशांनी ए६ (१०५ × १४८ मिलिमीटर) किंवा पातळ ए५ घ्यावा. टेबलावरच बसून लिहिणाऱ्यांनी वजनाची चिंता सोडावी आणि ऐसपैस आकार घ्यावा.

दिवसातली कुठली वेळ लिहिण्याची, तेही ठरवा. त्यासाठी नवी वेळ काढायला जाऊ नका. सकाळचा चहा, शाळेच्या बसची वाट पाहणं, रात्री ओटा आवरल्यानंतरची पाच मिनिटं, यांतलं जे आधीपासून रोज घडतं त्यालाच प्लॅनर जोडा. स्वयंपाकघरात लिहिणार असाल तर पुसता येईल असं प्लास्टिकचं वेष्टन हवं. तिथे कापडी पुठ्ठ्यावर हळदीचे डाग पडणारच.

पायरी ३ : साध्या वहीत तालीम

ही पायरी गाळू नका. शाळेची शंभर पानी वही घ्या, पट्टीने निवडलेली मांडणी आखा आणि दोन आठवडे खरोखर वापरा. कुठला रकाना रिकामा राहतो, कुठे अक्षरं रेघेबाहेर जातात, शनिवारी किती जागा लागते ते कळतं. मोठं अक्षर असलेल्यांना अरुंद उभे रकाने जाचतात, हे दुकानात पान उलटून कधीच लक्षात येत नाही.

आणखी एक गंमत बघा. आपल्या भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरांत वार डावीकडे एकाखाली एक असतात आणि तारखा वरून खाली जातात. विकतच्या बहुतेक प्लॅनरांत महिना आडवा वाचायचा असतो, त्यातून अनेकांत आठवडा सोमवारी सुरू होतो. ज्यांची नजर उभ्या महिन्याला बसली आहे ते डॉक्टरची तारीख हमखास चुकीच्या चौकोनात लिहितात. तालमीत असं झालं तर रविवारपासून सुरू होणारा प्लॅनर शोधा.

पायरी ४ : स्वभावाला औषध असतं

चार दिवस पान कोरं राहिलं की तुम्हाला अपराधी वाटतं आणि डायरीच बंद होते? तारखा न छापलेला प्लॅनर घ्या. कोरं पान राहतच नाही, कारण तारीख तुम्हीच टाकता. उलट, कुणी मागे लागल्याशिवाय हालत नसाल तर छापील तारीखच बरी.

अक्षर खराब आलं म्हणून पान फाडणाऱ्यांनी महागडा, सोनेरी कडांचा प्लॅनर हातातही धरू नये. त्यांच्यासाठी रिंगवाला, पानं काढता-घालता येणारा प्लॅनर आहे. फिरत्या पाळीत काम करणाऱ्यांना, म्हणजे नर्स, एसटीचे वाहक-चालक, कारखान्यातले लोक, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा छापलेली पानं निरुपयोगी आहेत. त्यांनी महिन्याच्या मोठ्या चौकोनात पाळी लिहावी आणि पुढे साधी रेघांची पानं ठेवावीत. शिक्षकांचं वर्ष जूनला उघडतं, हिशोब बघणाऱ्यांचं १ एप्रिलला. जानेवारीची सक्ती कुणी केलेली नाही. ‘होबोनिची’ या जपानी प्लॅनरचीसुद्धा एप्रिलपासूनची आवृत्ती निघते, कारण तिथलं शैक्षणिक वर्ष एप्रिलला सुरू होतं.

कुठल्याच चौकटीत बसत नसाल तर कोरी वही आणि बुलेट जर्नल. न्यूयॉर्कच्या रायडर कॅरल या डिझायनरने ही पद्धत २०१३ मध्ये लोकांपुढे ठेवली : कामापुढे ठिपका, झालं की फुली, पुढे ढकललं की बाण. एवढंच. इन्स्टाग्रामवरची वेलबुट्टी आणि जलरंग ही नंतरची भर आहे. चित्रं काढायची हौस असेल तर जरूर काढा, पण त्याला नियोजन म्हणू नका.

पायरी ५ : दुकानात

आता जा, आणि शक्यतो प्रत्यक्ष जा. पुण्यात अप्पा बळवंत चौक, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट. आपलं नेहमीचं पेन सोबत न्या. नमुन्याच्या प्रतीवर, नाहीतर दुकानदाराला विचारून शेवटच्या पानावर एक ओळ लिहा आणि पान उलटा. जेल पेनाची ओळ अर्ध्या मिनिटाने बोटाने पुसून बघा. डावखुऱ्यांनी तर नक्कीच, कारण त्यांचा तळवा ओल्या शाईवरून सरकतो. शाईचं पेन वापरत असाल तर जीएसएमच्या आकड्यावर विसंबू नका. जाड कागदावरही शाई फुटते आणि चांगला पातळ कागद ती झेलतो. कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी हे जास्त काटेकोरपणे तपासावं. पावसाळ्यात कागद हवेतलं पाणी ओढून घेतो आणि डिसेंबरात चांगली वाटलेली पानं जुलैत शाई पसरवतात.

मग प्लॅनर मधोमध उघडून टेबलावर सोडा. आपोआप मिटला तर एका हाताने दाबून लिहावं लागेल. शिवलेली बांधणी सपाट उघडते, नुसती डिंकाने चिकटवलेली सहसा नाही. स्पायरल उत्तम उघडतं, पण डावखुऱ्यांच्या मनगटाला तार टोचते.

शेवटी शनिवार-रविवारची जागा बघा. अनेक प्लॅनरांत दोघांना मिळून एकच चौकोन असतो. मांडणी ऑफिसच्या दृष्टीने केलेली असते आणि घर चालवणाऱ्याचा सर्वांत गर्दीचा दिवस रविवारच असतो. जागा कमी दिसली तर तो परत ठेवा.

जानेवारीच्या शेवटाला तारखांच्या डायऱ्या पुष्कळ ठिकाणी स्वस्तात मिळतात. वहीतली तालीम डिसेंबर-जानेवारीत उरकली असेल तर तेव्हा घ्यायला हरकत नाही. गेलेल्या जानेवारीची पानं किराण्याच्या याद्यांना कामी येतात.